म्यूट मास्तर

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की हिंडलगा, सुळगा मागे टाकून उचगावचा फाटा येतो. फाट्यावर उतरून कुणालाही "मास्तर कुठं राहतात वो?" असं विचारलं, तर तो उलट विचारतो, "कुठले? भजनी, तालमीतले, का म्यूट?" मराठी शाळांच्या या पट्ट्यात मास्तरांना तोटा नाही, त्यामुळे एवढी फोड करावीच लागते. आपल्याला जायचंय ते तिसऱ्यांकडे.

मास्तरांची उंची बेताची, आवाज बेताबाहेर. पांढऱ्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं. निळं स्वतःच्या भाषणाचे मुद्दे काढायला, लाल दुसऱ्याच्या भाषणातल्या चुका टिपायला. घरी पाहुणा आला की पाण्याचा तांब्या पुढे येण्याआधी त्याला "आम्ही देव मानत नाही" एवढं कळवलेलं असतं. त्यानंतर "चिकित्सा करा" हे दोन शब्द. चहा त्यानंतर. पूर्वी मळेकरणीच्या आमराईत मंगळवार-शुक्रवारी नवसाच्या जेवणावळी उठायच्या, तिथंही मास्तर आवर्जून जायचे. बळी देणं कसं चूक आहे हे यजमानाला पटवून द्यायचे आणि पंगतीला बसायचे. त्यांचा विरोध बळीला होता. रश्श्याबद्दल त्यांनी कधीच काही म्हटलेलं नाही.

मास्तर समजून घ्यायचे तर आधी हा मुलूख समजला पाहिजे. भाताची कापणी-मळणी उरकली, थंडी पडली, की बेळगाव तालुक्यात साहित्य संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोली, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमनी, उचगाव... गावोगाव मंडप पडतात. ग्रंथदिंडी निघते, लेझीम घुमतं, पुण्या-कोल्हापूरकडचा अध्यक्ष फेटा सावरत स्टेजवर चढतो आणि कालपर्यंत शेतात वाकलेली माणसं दिवसभर मांडी घालून व्याख्यान, कथाकथन, कविसंमेलन ऐकतात. ही सवय जुनी आहे. 1946 साली बेळगावच्या साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच संमेलनात झाला. दहा वर्षांनी भाषावार राज्यं झाली, बेळगाव-निपाणी पलीकडे राहिली. महाराष्ट्राने 2004 मध्ये सुप्रीम कोर्टात दावा लावला. तारीख लागेपर्यंत करायचं काय, तर मराठी भाषण ऐकायचं. अशा मुलखात वक्ता होणं फार अवघड नाही. श्रोता होणं टाळायचं म्हटलं तर मात्र गाव सोडावं लागेल.

आणि एवढ्या सगळ्या भाषणांत मास्तरांच्या वाट्याला जन्मभर काय आलं? आभारप्रदर्शन. अध्यक्षांचं भाषण लांबलेलं, कढईतल्या शिऱ्याचा वास मंडपात शिरलेला, पुढच्या रांगा केव्हाच पंगतीला जाऊन बसलेल्या, आणि मास्तर माइकसमोर "सर्वप्रथम" म्हणून खाकरताहेत. त्यांचे आभार शेवटपर्यंत ऐकायला एकटा मंडपवाला थांबायचा. त्यालाही सतरंज्या गुंडाळायच्या असायच्या म्हणून.

मग 2020 चा मार्च उजाडला. कोरोनानं सगळं बंद झालं. मंडप नाही, तालीम नाही, भजन नाही. शिनोळीला हद्दीवर नाकं बसलं आणि रोज इकडून तिकडे करणारी माणसं एकमेकांना परदेशी झाली. त्या सामसुमीत मास्तरांच्या मनातली जुनी कल्पना वर आली. देव नको, पण देवळात जी माणसं भेटतात ती पाहिजेत. जात नको, पक्ष नको. दर रविवारी एक व्याख्यान, एक गाणं आणि चार माणसांची विचारपूस. पुण्याला आयटीत असलेल्या पुतण्याने फोनवरून फोन शिकवला आणि झूमवर रविवारी साडेसातची बैठक सुरू झाली. पहिल्याच बैठकीत सुभेदारांच्या गोठ्यातली म्हैस ओरडली, कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या, मस्कतला असलेल्या माहेरवाशिणीचं तान्हं रडलं. मास्तरांनी बोट वर करून हाक दिली, "म्यूट! म्यूट करा वो सगळी!" तिथपासून हे नाव.

अशी सभा जगात कुणाला सुचली नसेल असं मास्तरांना वाटत होतं. पुतण्याने सांगितलं, लंडनमध्ये सॅण्डरसन जोन्स आणि पिपा इव्हान्स या दोन विनोदी कलाकारांनी जानेवारी 2013 मध्येच 'संडे असेंब्ली' काढली. इस्लिंग्टन भागात, एकेकाळी चर्च असलेल्या इमारतीत. देव न मानणारे लोक जमतात, एखादं व्याख्यान ऐकतात आणि मिळून पॉपची गाणी म्हणतात. मास्तर क्षणभर हिरमुसले. मग सावरले.

"2013? आपल्याकडं जोतिबांनी सत्यशोधक समाज काढला 24 सप्टेंबर 1873 ला. अखंड लिहिले. पुढं जलसे गावोगाव फिरले. त्याआधी 1867 ला मुंबईत प्रार्थना समाज. रविवारची उपासना, प्रवचन, तुकोबांचे अभंग, सगळं होतं की. एक देव तेवढा शिल्लक ठेवला त्यांनी. सोडा ते. 1941 पासून सेवादलाची पोरं गाणी म्हणतच हिंडायलीत. लंडनवाल्यांनी काय नवीन केलं?"

"काका, ते चहा-केक देतात शेवटी."

"मग देऊ देत," मास्तर म्हणाले. पण तेवढं त्यांना लागलं. ऑनलाइन बैठकीत चहा देता येत नाही, याची हळहळ त्यांनी पुढे कितीतरी रविवार जाहीर व्यक्त केली.

आता मुख्य अडचण. मास्तरांच्या घरात फोनला धड रेंज मिळते ती एकाच ठिकाणी, देवघराच्या पश्चिमेकडच्या खिडकीत. त्या बाजूला शिनोळीचा टॉवर आहे. म्हणजे 1956 पासून जे जमलं नाही ते मास्तरांच्या फोनने करून दाखवलं. खिडकीत धरला की तो महाराष्ट्रात सामील होतो. पण देवघर काकूंचं, म्हणजे मास्तरांच्या बायकोचं. तिथे देव आहेत, समई आहे, आणि सातला काकूंची दिवाबत्ती असते. वाटाघाटी झाल्या. काकूंनी एका वाक्यात तह केला, "साडेसातपर्यंत माझा देव, साडेसातनंतर तुमचं नसणं."

तहात एक कलम राहून गेलं होतं. देव कॅमेऱ्यात दिसता कामा नयेत, असं मास्तरांचं म्हणणं. देवांवर टॉवेल टाकायला काकूंची ना. मग तोडगा निघाला. देवांच्या पुढ्यात पाट, पाटावर तांदळाचं मापटं आणि मापट्यात उभा फोन, देवांकडे पाठ करून. देव चित्रात येत नाहीत आणि रेंजही पूर्ण. फक्त मास्तरांना फोनसमोर, म्हणजे देवघरासमोर, मांडी घालून बसावं लागतं. उपस्थितांना नमस्कार करायला हात जोडावे लागतात. असे हात जोडून, समईच्या उजेडात, देवांच्या डोळ्याला डोळा भिडवून ते दर रविवारी सांगतात की देव नाही.

काकूंची तक्रार नाही. "बसतात की आठवड्याला एकदा देवापुढं," त्या शेजारणीला सांगतात. "तुझ्या घरचे बसतात का तेवढं तरी?"

बैठकीला क्रम आहे. आधी शाळेतल्यासारखी हजेरी. मास्तर नाव घेतात, समोरच्याने माइक उघडून "हजर" म्हणायचं आणि परत म्यूट. मग उद्घाटन. दीपप्रज्वलन बाद असल्यामुळे रोपाला पाणी घालायचं. दर रविवारी वेगळं रोप आणणार कुठून, म्हणून खिडकीतल्या गवती चहाच्या कुंडीवरच उद्घाटन होऊ लागलं. बाकीचे सहा दिवस काकू पाणी घालतच होत्या. तीन महिन्यांत गवती चहा कुजला. विवेकवादी चळवळीचं तेवढंच एक नुकसान आजवर नोंदलं गेलंय.

मग व्याख्यान. ग्रहण, पत्रिका, साप चावल्यावर मांत्रिक की दवाखाना, मोबाइलवरून बँकेचे पैसे लुबाडणारे चोर, असे विषय होतात. एकदा मास्तरांनी 'उपवासाचं थोतांड' हा विषय घेतला. उपवासाने ना पुण्य लागतं ना पित्त जातं, हे त्यांनी मुद्देसूद मांडलं. प्रश्नोत्तरांत एका शेतकऱ्याने माइक उघडला.

"मास्तर, तुमचं पटलं. फक्त नवरात्र आणि महाशिवरात्र सोडून बोला."

"का रे?"

"दोन एकर रताळी लावल्यात. उपवास बंद झाल्यावर ती काय तुम्ही खाणार?"

हा पट्टा रताळ्यांचा. पाच-सहा चौकटींत माना हलल्या. मास्तरांनी लाल पेनाने आपल्याच मुद्द्यांवर काट मारली आणि पुढच्या रविवारी त्याच शेतकऱ्याला वक्ता म्हणून बसवलं. विषय, रताळ्याच्या वेलावरची कीड. बैठकीच्या इतिहासात सगळ्यात गर्दी झालेलं व्याख्यान अजून तेच आहे.

खरी पंचाईत गाण्याची झाली. गाण्यात देव नसावा, असा नियम. नियम केल्यावर मास्तर गाणी शोधायला बसले तेव्हा कळलं की मराठी गाण्यातून देव काढला तर पेटी आणि तबला एवढंच मागे उरतं. अभंग गेले. भूपाळ्या गेल्या. नाट्यपदं चाळली, तर निम्म्यांत कृष्ण, उरलेल्यांत शंकर. भावगीतात प्रेम सापडलं, पण त्यातही राधा. जात्यावरच्या ओव्या म्हणायला शेजारच्या मावशी तयार होत्या. पहिल्या ओळीत भाऊ आला, दुसरीत पंढरी. लावणीत देव कमी असतो, पण तिला महिलावर्गाची हरकत. शेवटी मास्तरांनी जोतिबांच्या अखंडांचा हुकमी पत्ता काढला. तर सुभेदारांनी माइक उघडून विचारलं, "यात निर्मिक, निर्मिक येतंय. हा कोण?" निर्मिक म्हणजे प्रचलित अर्थाने देव कसा नव्हे, हे मास्तर वीस मिनिटं समजावत होते. गाणं राहून गेलं.

अखेर तारलं ते अण्णाभाऊ साठ्यांनी. तमाशाच्या गणातल्या गणपतीच्या जागी अण्णाभाऊंनी मायभूमीला आणून बसवलं. त्यांच्या मैनेच्या छक्कडीत तर संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव-निपाणीचं दुःख आहे. देव नाही, जात नाही, आणि दुःख अगदी घरचं. मास्तरांनी ती दर रविवारी लावली. वर्षभरात तिचं असं झालं की ती सुरू झाली की माहेरवाशीण मस्कतला आपोआप उभी राहायची आणि माळकरी आप्पा टाळ्या धरायचे. बैठकीला आरती नसावी हा नियम शाबूत होता, पण व्यवहारात आरती मिळालेली होती.

छक्कड सगळ्यांनी मिळून म्हणावी, असा मास्तरांचा आग्रह. ते फोनला मंजूर नव्हतं. प्रत्येकाचा आवाज किंचित उशिरा पोचतो, पुण्याचा थोडा मागे, मस्कतचा त्याच्या मागे, आणि एक ओळ सहा ठिकाणी सहा वेळा संपते. मग ठरलं की एकाने माइक उघडून गायचं, बाकीच्यांनी आपापल्या घरी म्यूट राहून. तीस-पस्तीस माणसं जीव तोडून गाताहेत आणि कुणालाच कुणी ऐकू येत नाही, असं हे समूहगान. सुभेदारांचं मत, "कुणी बेसूर आहे का, हे कळायची सोयच ठेवली नाही. म्हणून टिकलंय."

साथीच्या तंबोऱ्याचं वेगळंच. असल्या ॲपचं धोरण असं, की माणसाचं बोलणं ठेवायचं आणि मागचा आवाज गाळायचा. तंबोरा एकसारखा घुमत राहतो, म्हणून ॲपला तो पंखा वाटतो आणि ते तंबोरा गिळून टाकतं. मास्तरांनी चिडून पुतण्याला विचारलं. त्याने सेटिंगमध्ये जाऊन 'मूळ आवाज' चालू करून दिला. तंबोरा आला. बरोबर म्हैस, कुकर, ट्रॅक्टर, कोपऱ्यावरच्या दुकानातलं भांडण, उचगावचा सगळा मूळ आवाज आला. पुढच्या आठवड्यात मास्तरांनी तंबोऱ्याचा त्याग केला.

मंडळींत एक कन्नड आण्णा आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. मराठी झकास बोलतात. एका रविवारी ते म्हणाले, "मी बसवण्णांचं वचन म्हणतो." मास्तर गप्प. मास्तर धर्मनिरपेक्ष आहेत, भाषानिरपेक्ष नव्हेत. नोव्हेंबरच्या एक तारखेला काळा दिन म्हणून आजही निषेध फेरीत चालतात. आण्णांनी शांतपणे सांगितलं, की बाराव्या शतकात कल्याणला अनुभव मंटप होता, अल्लमप्रभू अध्यक्ष असायचे, सगळ्या जातींची माणसं बसून बोलायची आणि वचनं म्हणायची. "आठशे वर्षं आधी तुमचीच बैठक. फक्त म्यूटचं बटण नव्हतं." मास्तरांनी आठवडाभर विचार केला आणि तोड काढली. कुमार गंधर्व सुळेभावीचे, घरचं बोलणं कन्नड, आणि मराठी नाट्यपदं गायले की नाही? तेव्हा परतफेड म्हणून महिन्यातून एक वचन चालेल. इतिवृत्तात त्याची नोंद 'कुमार गंधर्व कलम' अशी आहे. वचनाच्या शेवटी प्रत्येक वेळी कूडलसंगमदेव येतो. मास्तरांना कन्नड तेवढं कळतं, पण "परभाषेतल्या देवाची जबाबदारी आपल्यावर नाही" असं त्यांनी ठरवलंय.

लोक कशाला येतात? व्याख्यानाला नक्कीच नाही. मास्तरांचं अध्यक्षीय सुरू झालं की चौकटींत मटार सोललेले दिसतात. लोक येतात हजेरीला. रविवारी कुणाचं "हजर" ऐकू आलं नाही, की सोमवारी सकाळी सातला मास्तरांचा फोन जातो, "काल का नव्हतास?" ताप आहे म्हटलं तर किती, डॉक्टरला दाखवलं का, घरात करायला कोण आहे, दूध कोण आणतंय, सगळं विचारून होतं, आणि मग कुणीतरी दूध घेऊन दारात उभं राहतं. 2021 च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या लाटेत, या सोमवारच्या फोनांनी किती घरं धरून ठेवली हे बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. "माझ्या सासूनं कधी एवढी चौकशी केली नाही," असं माहेरवाशीण म्हणते. नेमकं हेच काम मास्तर बिनमहत्त्वाचं समजतात. त्यांच्या मते बैठकीचा गाभा म्हणजे त्यांचं अध्यक्षीय.

आणि अध्यक्षीयाला शत्रू एकच. फुकटातल्या झूमला चाळीस मिनिटांची मर्यादा असते. साडेसातला सुरू झालेली बैठक आठ वाजून दहा मिनिटांनी तुटते. हजेरी, रोप, पाहुण्याचं व्याख्यान, छक्कड आणि प्रश्न उरकून मास्तर "समारोप करताना मला तीन मुद्दे मांडायचे आहेत" म्हणतात, दुसरा मुद्दा अर्ध्यावर येतो आणि पडदा काळा. तीच लिंक दाबून परत जमता यायचं, पण "नियम तो नियम" म्हणून मास्तर तसं करायचे नाहीत. तिसरा मुद्दा आजवर कुणी ऐकलेला नाही. जन्मभर ज्यांनी रिकाम्या मंडपाला भाषण दिलं, त्यांना भरलेला मंडप मिळाला तो असा, ऐन रंगात मिटणारा.

हे पुतण्याला बघवलं नाही. 2021 च्या दिवाळीला त्याने गुपचूप पैसे भरले, मर्यादा काढून टाकली आणि ही बातमी द्यायला घरी फोन केला. फोन काकूंनी उचलला.

"आता कितीपण वेळ बोलता येतंय म्हणतोस?"

"होय काकू. रात्रभर बोलले तरी चालेल."

"मग त्यांना सांगू नको."

त्याच दिवशी बैठकीची चावी काकूंच्या फोनवर गेली. तेव्हापासून दर रविवारी साडेसातला मास्तर देवांपुढे बसतात, स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता काकूंचा एक डोळा घड्याळावर असतो, आणि आठ वाजून दहा मिनिटांनी पिठाच्या बोटाने बटण दाबलं जातं. सगळ्या बैठकीला हे माहीत आहे. मस्कतला माहीत आहे. सुभेदार तर आठ वाजून नऊ मिनिटांनी घड्याळ बघून "तयार" म्हणतात. फक्त मास्तरांना माहीत नाही. जी जी म्हणून श्रद्धा या भागात आहे तिची त्यांनी चिरफाड केलीय, भानामतीपासून वास्तुशास्त्रापर्यंत पुरावा मागितलाय. चाळीस मिनिटांवर मात्र त्यांचा आंधळा विश्वास आहे. ती का, कशी, कुणाच्या हुकमाने संपतात, हे त्यांनी एकदाही तपासलेलं नाही.

परवाचा विषय होता, 'जे दिसत नाही ते मानू नका.' मास्तर रंगात आले होते. "पुरावा मागा! या जगाची दोरी वर बसून कुणीतरी ओढतंय, हा भ्रम आहे! मी माझ्या अनुभवावरून सांगतो, कुणी ओढत..."

पडदा काळा झाला.

दहा सेकंदांत माळकरी आप्पांचा ग्रुपवर आवाजी निरोप आला. "मास्तर, बघा आता तुम्हीच. दिसत नाही, बोलत नाही, पण आहे की वो कोण तरी. राम कृष्ण हरी. काकूंना भाकरी झाल्या का विचारा."